सामाईक भिंतीतला एक खिळा

दिनांक ६ मार्च, शनिवार, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या बैठकीच्या खोलीत पुढील साहित्य उपस्थित होते : घडीची शिडी एक, हातोडा एक, चार इंची खिळा एक, भिंतीवरचे घड्याळ एक, आणि शिडी धरण्यासाठी पत्नी एक. काम पाच मिनिटांचे होते.

घड्याळ पत्नीचे. टेलिफोन खात्यातून ती निवृत्त झाली तेव्हा सहकारी मैत्रिणींनी वर्गणी काढून ते दिले होते. सागवानी पेटी, पितळी लंबक, दर तासाला ठोके आणि वजन चार किलो दोनशे ग्रॅम. आठ महिने ते कपाटावर आडवे पडून होते, कारण कुठल्या भिंतीवर लावावे याचा माझा अभ्यास पूर्ण झालेला नव्हता. आता त्या मैत्रिणी ४ एप्रिलच्या रविवारी आमच्याकडे येणार होत्या आणि आल्या आल्या घड्याळ शोधणार होत्या. पत्नीने आजवर माझ्याकडे फारसे काही मागितलेले नाही. जे मागितले, ते बहुतेक तिने स्वतःच आणले. त्यामुळे या वेळी काम वेळेत करून दाखवायचेच, असा माझा निश्चय होता.

भिंतही ठरली. एका भिंतीला खिडकी, दुसरीला कपाट, तिसरीला ओल. चौथीवर घड्याळ लावले तर ते स्वयंपाकघरातून थेट दिसते. ही चौथी भिंत आमच्या आणि शेजारच्या पोस्टमास्तरांच्या मधली.

मी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर असताना तळमजल्यावरचे माजी सचिव जिन्यातून चालले होते. सोसायटीचे सचिवपद त्यांनी सहा वर्षांपूर्वी सोडले, पण त्या पदाने त्यांना अद्याप सोडलेले नाही. उघड्या दारातून त्यांनी आत पाहिले, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, "सामाईक भिंत आहे ती. विचारलंत का?"

"कोणाला?" मी म्हणालो.

"तेच तर," असे म्हणून ते निघून गेले.

मी शिडीवरून उतरलो. पस्तीस वर्षे मी लिफ्ट-निरीक्षक म्हणून नोकरी केली. परवानगीविना माणसाने एक मजलासुद्धा चढू नये, हे माझ्या रक्तात भिनलेले आहे. तंत्रनिकेतनातील आमचे प्राध्यापक म्हणत, "आधी माप, मग मत." मी हातोडा खाली ठेवला.

"अहो, मग मास्तरांना विचारा की," पत्नी म्हणाली. "दोन पावलांवर दार आहे."

इथे माझी विचारसरणी स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण पुढे तिच्याविषयी बरेच गैरसमज पसरवण्यात आले. मास्तरांना विचारणे म्हणजे नाही म्हणण्याचा अधिकार त्यांना आहे, हे आपण होऊन मान्य करणे. असा अधिकार त्यांना आहे की नाही हे आधी समजल्याशिवाय विचारायचे कसे? आणि अधिकार नसेल, तर विचारायचे कशाला? तेव्हा प्रथम कायदा समजून घ्यावा, हे तर्कशुद्ध होते. पत्नी म्हणाली, "मी शिडी सोडू का?"

मास्तरांबद्दलही दोन शब्द सांगतो. अकरा वर्षांपूर्वी आम्ही या घरात राहायला आलो, तेव्हापासून आमच्या दोन घरांत मिळून एकच वर्तमानपत्र येते. ते आधी वाचतात, कारण ते आमच्यापूर्वी दोन महिने इथे राहायला आले. वाचून झाले की भिंतीवर दोन टकटक करतात आणि मी जाऊन वर्तमानपत्र आणतो. संध्याकाळी तीन टकटक झाल्या की बुद्धिबळ. टेलिफोन खात्यात उभे आयुष्य घालवलेली माझी पत्नी म्हणते की एवढी विश्वासार्ह लाईन तिने कधी पाहिली नाही.

कायदा समजून घ्यायला ज्या वकिलांकडे मी गेलो, त्यांचे कार्यालय झेरॉक्सच्या दुकानावर होते. बाहेर लाकडी बाक होते आणि आतले सगळे बाहेर ऐकू येत होते. त्यामुळे माझा नंबर लागेपर्यंत कायद्याचे बरेचसे शिक्षण मला विनाशुल्क मिळाले.

कायदेशीर प्रश्न विचारणाऱ्या माणसाची दोन वाक्ये ठरलेली असतात. पहिले, "एकच छोटा प्रश्न आहे." दुसरे, "माझा नाही, एका मित्राचा आहे." माझ्या आधी एक लाँड्रीवाले होते. त्यांच्या मित्राच्या लाँड्रीत कोणीतरी कोट टाकून दोन वर्षे झाली होती, गिऱ्हाईक परत आले नव्हते. तर मित्राने तो कोट घातला तर चालेल का? वकिलांनी विचारले, "मित्राला तो बसतो का?" लाँड्रीवाले म्हणाले, "खांद्यात जरा घट्ट होतो मला." त्यानंतर एक बाई होत्या. घरमालकांचे मांजर तीन वर्षे त्यांच्याकडेच जेवत होते. आता त्या घर बदलणार होत्या, तर मांजर कोणाचे? वकिलांनी शांतपणे विचारले, "ओरबाडतं तेव्हा लोक तक्रार कोणाकडे घेऊन येतात?" बाई म्हणाल्या, "माझ्याकडे." "मग तुमचं. तथापि," असे म्हणून वकिलांनी आणखी वीस मिनिटे घेतली.

हे 'तथापि' मला फार खटकले. मी शेकडो लिफ्टची तपासणी केली. लिफ्ट सुरक्षित आहे की नाही या प्रश्नाला 'तथापि' असे उत्तर मी एकदाही दिले नाही. दिले असते, तर माणसे दोन मजल्यांच्या मध्ये राहिली असती. वकिलांची गिऱ्हाइके मात्र नेमकी तिथेच राहतात आणि पुन्हा पुन्हा घंटा वाजवतात.

माझा नंबर आला. मी भिंतीची आकृती, मापे आणि घड्याळाचे वजन असलेला कागद पुढे ठेवून म्हणालो, "एकच छोटा प्रश्न आहे. माझाच आहे."

वकिलांनी सगळे ऐकून घेतले. साठीचे गृहस्थ, चेहरा झोपाळू, पण डोळे मिश्कील. त्यांनी विचारले, "शेजाऱ्यांना विचारलंत का?"

मी म्हणालो, तो मार्ग मला ठाऊक आहे, मला कायदा हवा आहे. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि खुर्चीत सावरून बसले. मग म्हणाले की सामाईक भिंत साधारणपणे मध्यरेषेपर्यंत ज्याची त्याची मानतात. तथापि, ते घराच्या करारावर, इमारतीच्या नकाशावर, वहिवाटीवर आणि एकूण परिस्थितीवर ठरते. मी विचारले, म्हणजे खिळा ठोकू की नको? ते म्हणाले, "ठोकलात तर काय होईल ते सांगता येईल. ठोकू का, ते मी कसं सांगू? हातोडा तुमचा."

ठोस असे एकच हाती लागले : मध्यरेषा. मी घरी येऊन मापे घेतली. दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासह भिंत एकशे तीस मिलिमीटर. माझा वाटा पासष्ट. चार इंची खिळा, डोके बाहेर ठेवून, ऐंशी मिलिमीटर आत जातो. म्हणजे पंधरा मिलिमीटर खिळा पोस्टमास्तरांच्या हद्दीत शिरणार होता.

दुसऱ्या दिवशी वकिलांना फोन केला, तर ते म्हणाले की तुमची मापपट्टी हा पुरावा होत नाही, मंजूर नकाशाची अधिकृत प्रत आणा. मी महापालिकेच्या इमारत विभागात गेलो. तिथल्या कारकूनबाईंनी फाईल शोधली, धूळ झटकली, नकाशा उलगडला. नकाशात ती भिंत एका रेघेने दाखवलेली होती. रेघेला जाडी नव्हती. मी विचारले की या रेघेची मध्यरेषा कुठे? बाई म्हणाल्या की असा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही आणि रांगेत माझ्या मागच्या माणसाचा नळ वाहतो आहे. अधिकृत प्रत मात्र मिळेल, फक्त सामाईक भाग असल्याने शेजाऱ्यांचे संमतीपत्र लागेल. म्हणजे शेजाऱ्याची संमती लागते की नाही हे समजण्यासाठी शेजाऱ्याची संमती लागणार होती. मी बाईंना नमस्कार करून बाहेर पडलो. इतका परिपूर्ण वर्तुळाकार मार्ग लिफ्टच्या धंद्यात मी कधी पाहिला नव्हता.

तेव्हा मी स्वतःच्या बुद्धीवर विसंबून मध्यममार्ग काढला. खिळ्यावर टोकापासून बरोबर पासष्ट मिलिमीटरवर लाल रंगाचे कडे रंगवले. ते भिंतीला टेकले की थांबायचे. हद्दीबाहेर एक केसही नाही. रविवारी सकाळी पत्नीने शिडी धरली आणि मी ठोकू लागलो. लाल कडे भिंतीला टेकले. पस्तीस मिलिमीटर खिळा बाहेर राहिला. खिळा जितका बाहेर, तितका वजनाचा त्याला वाकवण्याचा जोर जास्त, हे मला माहीत होते. हे मी शिकाऊ निरीक्षकांना शिकवलेले आहे. तरीही कायद्याच्या धाकापुढे माणूस भौतिकशास्त्र विसरतो.

घड्याळ अडकवले. क्षणभर ते अतिशय सुंदर दिसले. मग नापास झालेल्या मुलासारखी खिळ्याने मान खाली घातली आणि गिलाव्याच्या ताटाएवढ्या तुकड्यासह तो बाहेर आला. घड्याळ मी छातीवर झेलले, मला पत्नीने झेलले आणि शिडीने तिघांनाही झेलायचे टाळले. छातीवर असतानाच घड्याळाने अकराचे ठोके दिले.

ते संपले आणि पलीकडून भिंतीवर धडाधड पाच ठोके ऐकू आले.

पाच. आमच्या संकेतात दोन होते, तीन होते, पाच नव्हते. मी पत्नीकडे पाहिले. ती केसांतला गिलावा काढत होती. म्हणाली, "जाऊन विचारा ना, काय म्हणतात ते." एवढ्यात आवाज ऐकून माजी सचिव वर आलेच होते. त्यांनी भिंतीचे भोक पाहिले, पाच ठोक्यांची हकिकत ऐकली आणि गंभीरपणे म्हणाले, "हरकत नोंदवली म्हणायची त्यांनी."

माझ्या मनाला ते लागले. अकरा वर्षांचा शेजार, आणि माझ्याच हद्दीतल्या पासष्ट मिलिमीटरवर हरकत! दुसऱ्या दिवशी मी सरळ झेरॉक्सच्या दुकानाचा जिना चढलो. वकिलांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, शेजाऱ्यांशी बोललात का, आणि मी पुन्हा तेच उत्तर दिले. मग ते म्हणाले, ठीक आहे, साधे माहितीवजा पत्र पाठवू, प्रेमाचे. त्या प्रेमपत्राची पहिली ओळ अशी होती : 'आमच्या अशिलाच्या सूचनेवरून आपणांस कळविण्यात येते की'. पुढे आमच्या खिळ्याच्या पंधरा मिलिमीटर प्रवेशास हरकत का, याचा सात दिवसांत लेखी खुलासा मागितला होता. रजिस्टर पोस्टाने ते पत्र टपाल कार्यालयात गेले, तिथून मुख्य कचेरीत, तिथून पुन्हा आमच्या भागात, आणि तिसऱ्या दिवशी आमच्या दारावरून दहा फूट पुढे जाऊन मास्तरांच्या दारात पोचले.

मी दाराच्या भिंगातून पाहत होतो. यात लपवण्यासारखे काही नाही, भिंग त्यासाठीच असते. मास्तरांनी पाकीट हातात घेतले, शिक्का तपासला, पाठवणाऱ्याचा पत्ता वाचला. मग आमच्या दाराकडे पाहिले. पोस्टमनला म्हणाले, "आयुष्यभर लोकांची रजिस्टरं पोचवली मी. इतक्या जवळून आलेलं हे पहिलंच." सही केली, पोस्टमनला आत बोलावून पाणी दिले आणि दार लावले. जोरात नाही. जोरात लावले असते तर बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत बोलली नाही. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. दहा वाजता आमच्या दाराच्या फटीतून वर्तमानपत्र आत सरकवलेले दिसले. घडी बिनचूक होती. त्याच्या पुढच्या दिवशी तेही आले नाही. मी कोपऱ्यावर जाऊन स्वतःचे वर्तमानपत्र विकत आणले. त्यात काहीही बातमी नव्हती.

मास्तरांचे जावई वकील आहेत हे मी विसरलो होतो. उत्तर आले तेही रजिस्टर पोस्टानेच आणि त्यात सतरा मुद्दे होते. पहिल्या मुद्द्यात म्हटले होते की सदर भिंतीचे अस्तित्व त्यांच्या अशिलास मान्य नाही. तथापि, क्षणभर ती भिंत आहे असे गृहीत धरले, तरी ती सामाईक असल्याचे मान्य नाही. खिळा हा खिळा असल्याचे मान्य नाही. 'घड्याळ' नामक वस्तूशी त्यांच्या अशिलाचा काहीही परिचय नाही. हे घड्याळ मास्तरांनी स्वतः तिन्ही जिने वर आणले होते, लिफ्ट बंद होती म्हणून. ती बंद का आहे हे मी खाली बघत होतो. आणि वर आल्यावर लंबक त्यांनीच बसवला होता.

मी ते पत्र घेऊन वकिलांकडे गेलो, तर ते न्यायालयात होते. मी तिकडे गेलो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात आणि त्या आठवड्यात हे मला किमान सहा जणांनी ऐकवले होते. वस्तुस्थिती अशी की न्यायालयात लिफ्ट होती, त्यामुळे पायरी चढण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. तथापि, ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये थांबली. माझ्यासोबत तीन वकील अडकले होते. मी आतील फलक पाहून भारमर्यादा ओलांडल्याचे त्यांच्या निदर्शनास आणले. त्यावर पहिले म्हणाले की फलक मान्य नाही, दुसरे म्हणाले की भार नेमका कोणाचा हे सिद्ध व्हायला हवे, आणि तिसऱ्यांनी डोळे मिटून घेतले. मी 'तथापि' हा शब्द वापरू लागलो आहे, हे मला त्या लिफ्टमध्ये जाणवले.

वकिलांनी सतरा मुद्दे वाचले आणि खूश झाले. जावयाचा हात चांगला बसला आहे, म्हणाले. आता उत्तराला उत्तर द्यायचे, तर त्या भिंतीत समोरच्या पक्षाचे काही आधीचे अतिक्रमण आहे का, ते पाहून या.

मी घरी आलो आणि भिंतीची इंच इंच तपासणी केली. दाराजवळ, खांद्याच्या उंचीवर, आमच्या किल्ल्या टांगलेल्या असतात. भिंतीतून बोटाच्या पेराएवढी लोखंडी खुंटी बाहेर आलेली आहे, त्यावर आम्ही राहायला आल्या दिवसापासून किल्ल्या अडकवतो. बांधणाऱ्याने किती विचारपूर्वक ही सोय करून ठेवली, असे कौतुक मी कित्येक पाहुण्यांसमोर केले होते. त्या दिवशी प्रथमच मी किल्ल्या काढून ती खुंटी भिंगाखाली पाहिली. तिला डोके नव्हते. टोक होते.

कोणताही बांधकामवाला खुंटी टोक बाहेर ठेवून बसवत नाही. तो सहा इंची खिळा होता, पलीकडून ठोकलेला. अकरा वर्षे मी पोस्टमास्तरांच्या खिळ्याच्या टोकावर माझ्या घराच्या किल्ल्या टांगत होतो.

हे ऐकून वकील खुर्चीत ताठ बसले. "अतिक्रमण! संपूर्ण भिंत भेदून! किती वर्षं?"

"अकरा."

"हरकत घेतलीत कधी?"

"किल्ल्या अडकवल्या," मी म्हणालो.

ते हळूहळू पुन्हा मागे टेकले. अतिक्रमण खरे, तथापि हरकत नाही. हरकत नाही, उलट उपभोग. उपभोग माझा, पण खिळा त्यांचा. टोक माझ्या घरात, डोके त्यांच्या घरात. ते बराच वेळ छताकडे पाहत राहिले. शेवटी म्हणाले की इतका सुंदर प्रश्न बऱ्याच दिवसांत आला नव्हता, आणि आता त्या टोकाला कृपा करून हात लावू नका, तो पुरावा आहे.

३ एप्रिल उजाडला. शनिवार. दुसऱ्या दिवशी मैत्रिणी येणार होत्या. भिंतीला ताटाएवढे भोक होते, घड्याळ पलंगाखाली होते आणि मास्तरांकडून दोन आठवडे एकही टकटक आलेली नव्हती. पत्नीने फक्त भिंतीच्या भोकावर झाकण म्हणून कॅलेंडर धरून पाहिले, ते पुरले नाही, आणि ती म्हणाली, "राहू दे. त्यांना सांगेन, दुरुस्तीला दिलंय."

पत्नीला कधी खोटे बोलताना मी ऐकलेले नाही. टेलिफोनवर सुद्धा ती 'साहेब बाथरूममध्ये आहेत' असे खरे सांगते. तिच्यावर ही वेळ माझ्यामुळे आली होती. मला एकदम त्या खिळ्याचा राग आला. सगळे याच भिंतीमुळे, आणि यांचा खिळा मात्र अकरा वर्षे सुखाने आरपार! ती दुपारी बाहेर गेल्यावर मी लाकडी हातोडी घेतली, टोकावर चिंधी ठेवली आणि हळूच ठोकले. हद्द तेवढी मोकळी करायची, वीस मिलिमीटर मागे सारायचे, एवढाच विचार होता. एक. दोन. तिसऱ्या ठोक्याला खिळा लोण्यातून जावा तसा सरकला.

पलीकडे काहीतरी मोठे पडले. काच फुटल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही.

मी हातोडी घेऊन तसाच उभा राहिलो. दोन पावलांवर दार होते. ती दोन पावले मला चालवेनात. ती मास्तर चालून आले. घंटा वाजली.

दारात मास्तर उभे होते. घरचे कपडे, पायांत चपला नाहीत, दोन्ही हातांत एक मोठी फ्रेम. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशीचा टपाल कार्यालयाचा समूहफोटो. सगळा कर्मचारीवर्ग, मध्यभागी हार घातलेले मास्तर आणि शेजारी त्यांचे वरिष्ठ अधीक्षक. काचेला एकच तडा होता, बरोबर अधीक्षकांच्या चेहऱ्यावरून गेलेला.

त्यांनी माझ्या हातातली हातोडी पाहिली. माझ्या मागे भिंतीचे भोक पाहिले. मग खुंटीच्या जागी उरलेले छिद्र आणि खाली पडलेल्या किल्ल्या पाहिल्या.

"माझा खिळा इकडे आला होता?" ते म्हणाले.

"अकरा वर्षं."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"मी त्यावर किल्ल्या अडकवत होतो. मला वाटलं, बांधणाऱ्याने ठेवलाय."

"हे घर तेव्हा रिकामं होतं, साहेब. कोणाला विचारणार? ठोकला सहा इंची आणि मोकळा झालो."

"मग त्या रविवारी पाच वेळा ठोकून हरकत का घेतलीत?"

"हरकत?" मास्तरांचा आवाज प्रथमच चढला. "अहो, हातोड्याचा आवाज आला, मी म्हटलं, लागलं एकदाचं वहिनींचं घड्याळ. टाळ्या वाजवल्या मी भिंतीवर! आणि त्यावर तुमचं रजिस्टर. नुसतं विचारायचं की. मी नाही कशाला म्हणेन?"

"तेच कळावं म्हणून वकील केला," मी म्हणालो.

हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडले आणि दारात उभे राहून ते मी प्रथमच दुसऱ्याच्या कानांनी ऐकले. माझी मान, तीन आठवड्यांपूर्वी त्या खिळ्याने घातली होती तशीच, खाली गेली. मास्तरांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. मला वाटले त्यांना भरून आले. ते हसत होते. मग फोटोतल्या तड्यावरून बोट फिरवत म्हणाले, "फुटायचं तिथंच फुटलं मात्र. या माणसाने माझी बदली दोनदा अडवली होती."

पत्नी परतली तेव्हा मी, मास्तर आणि त्यांच्या घरच्या वहिनी असे तिघे भिंतीसमोर उभे होतो. नंतर समजले की या दोघी बायका चार आठवडे गॅलरीतून रोज बोलत होत्या. मध्ये पडायचे नाही, किती दिवस चालते ते बघू, असे त्यांनी ठरवले होते. वहिनींचा अंदाज दोन आठवड्यांचा होता, माझ्या पत्नीचा पाच. मला ती अधिक चांगली ओळखते.

तोडगा मात्र मी काढला, आणि तो निखळ तंत्रनिकेतनी आहे. भोक आमच्याकडे आधीच अर्धे पडलेले होते. ते आरपार नेले. त्यातून दोन्ही टोकांना आटे असलेला लोखंडी बोल्ट घातला, दोन्हीकडे रुंद चकत्या आणि नट. या बाजूला घड्याळ, चार किलो दोनशे. त्या बाजूला समूहफोटो, नव्या काचेसह चार किलो. मास्तरांनी नवी काच घेताना जुनीचा तडा गेलेला तुकडा जपून ठेवला आहे, का ते त्यांनाच ठाऊक. नट आवळताना एकाला एका बाजूने पाना धरावा लागतो आणि दुसऱ्याला दुसऱ्या बाजूने फिरवावा लागतो. एकट्याने तो बोल्ट लागत नाही आणि निघतही नाही. आम्ही भिंतीच्या दोन बाजूंनी एकमेकांना ओरडून सूचना देत तो बसवला. संध्याकाळी घड्याळाने सहाचे ठोके दिले आणि पलीकडून पाच टाळ्या आल्या. आता तो संकेत आमच्यात रूढ झाला आहे.

रविवारी मैत्रिणी आल्या. आल्या आल्या घड्याळ शोधले, सापडले. पत्नी स्वयंपाकघरातून ते पाहत होती आणि मी तिला. खोटे बोलायची वेळ आली नाही. मास्तर आणि वहिनीही आले होते. लंबक आपण बसवला, असे मास्तरांनी सगळ्यांना सांगितले. त्यांच्या जावयाने हे आधीच नाकारले होते, पण कोणी तो मुद्दा काढला नाही.

सोमवारी सकाळी दोन टकटक झाल्या आणि मी वर्तमानपत्र घेऊन आलो. मग वकिलांकडे गेलो. जाताना सवयीने एक छोटा प्रश्न सोबत नेला होता : तो बोल्ट आता कायद्याने कोणाचा?

त्यांनी सगळी हकिकत ऐकली. जावयाला फोन करून प्रकरण मिटल्याचे कळवले. दोघे वकील फोनवर बराच वेळ हळहळले, एखादा चांगला डाव अर्धवट राहावा तसे. मग त्यांनी माझी फाईल बंद केली आणि म्हणाले, "तुम्ही पहिल्या दिवशी आलात, तेव्हा मी विचारलं होतं, शेजाऱ्यांना विचारलंत का? तोच माझा सल्ला होता. तुम्हाला ती प्रस्तावना वाटली."

मी उठलो. बाहेर बाकावर लाँड्रीवाले बसलेले होते. अंगात एक कोट होता, खांद्यात जरा घट्ट.

"आणि बोल्टचं?" मी दारातून विचारले.

"तथापि," वकील म्हणाले, आणि हसून पुढच्या माणसाला आत बोलावले.

अंतिम स्थिती : भिंतीतील खिळे शून्य, बोल्ट एक.